केंद्र हलतंय

"हलतंय," मी म्हणालो.

"काय?"

"केंद्र. पुन्हा घे."

हेमलताने गोल्फचा क्लब खाली टेकवला, वळून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत पाठ केली. मी माझा उजवा अंगठा तिच्या पाठीवर ठेवला, मान संपते आणि पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्याच्या जरा खाली. सकाळची वेळ होती. शाळेचं मैदान रिकामं होतं आणि कवायतीसाठी आखलेल्या चुन्याच्या रेषा दवाने ओल्या झाल्या होत्या.

"हा बिंदू जागचा हलायला नको. बाकी सगळं त्याच्याभोवती फिरू दे. खांदे, हात, क्लब, सगळं. आणि अर्धाच स्विंग घे, नाहीतर माझं डोकं फोडशील."

"ते तसंही फुटलेलंच आहे," ती म्हणाली आणि तिने क्लब हळूहळू मागे नेला. निम्म्यावर गेल्यावर अंगठ्याखालचं हाड बाजूला सरकलं, कंपासचं टोक कागदावरून निसटतं तसं.

"हलतंय!"

"तुमचा अंगठा थंड आहे," हेमलता म्हणाली.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. कन्हान नदीच्या अलीकडे आमचा कारखाना होता आणि मी त्याच्या टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन होतो. कॉम्प्युटर तेव्हा आमच्या खात्यात पोचला नव्हता. उतरतं टेबल, टी-स्क्वेअर, कंपास आणि ट्रेसिंग पेपरची गुंडाळी, एवढ्यावर माझा संसार चाले. घरच्या संसारात आम्ही दोघंच. मूलबाळ नव्हतं. हेमलता कारखान्याच्या शाळेत पीटीची बाई होती, आणि पोरं तिला जेवढी घाबरत तेवढा मी आमच्या चीफ इंजिनिअरलाही घाबरत नसे.

कॉलनीच्या मागे साहेब लोकांनी कधीकाळी आखलेलं नऊ होलचं गोल्फचं मैदान होतं. विदर्भातल्या उन्हात हिरवळ कसली टिकते? मग होलभोवती तेल मिसळलेली वाळू गोलाकार पसरून ठेवत आणि तिला 'ब्राउन' म्हणत. ती वाळू सारखी करायला आणि एकूण मैदान सांभाळायला गणवीर नावाचा मार्कर होता. मोठ्या साहेबांच्या बाई, मिसेस भाटिया, यांना एकदा चौथा भिडू कमी पडला म्हणून त्यांनी पीटीच्या बाईंना बोलावणं धाडलं. हेमलताने कॉलेजात भालाफेक केलेली. तिने पहिल्याच दिवशी बॉल असा हाणला की मिसेस भाटियांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्यानंतर दर जानेवारीत होणाऱ्या बायकांच्या स्पर्धेचं लेडीज मेडल आमच्या शोकेसमध्ये मुक्कामालाच आलं.

मग तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. जखम भरली, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना, आणि संध्याकाळ झाली की सुजे. सुटी संपताच ती शाळेत रुजू झाली. उजव्या हाताने शिट्टी वाजवायची आणि उजव्याच हाताने कान पिळायची. बसलो तो मी. कारखान्यातून यायचो, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचो आणि जेवायला हाक येईपर्यंत समोरच्या कुंपणाकडे पाहत राहायचो. ती काही विचारायची, मी हूं म्हणायचो. त्या महिन्यांत मी याहून जास्त काही बोललो असेन असं मला आठवत नाही.

एका रविवारी कपाट आवरताना तिच्या स्विंगचे फोटो हाती लागले. आमच्या कारखान्याचा फोटोग्राफर हौशी होता. त्याने एका मेडलच्या वेळी तिचे ओळीने फोटो काढले होते: क्लब मागे, क्लब वर, क्लब खाली, बॉलवर, आणि शेवटी मोकळा होऊन खांद्यावर. मी सहज चाळा म्हणून ट्रेसिंग पेपर घेतला आणि सगळ्या आकृत्या एकावर एक उतरवल्या.

गणवीर नेहमी ओरडायचा, "बाई, डोकं हलवू नका जी!" म्हणून मी कंपासचं टोक डोक्यावर ठेवलं. वर्तुळ जमेना. खांद्यावर ठेवलं, तरी जमेना. दोन संध्याकाळी मी त्या कागदावर घातल्या तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. स्विंगला एक केंद्र नसतं, दोन असतात. पहिलं गळ्याखाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, आणि ते स्थिर असतं. त्याच्याभोवती खांदे आणि हात फिरतात. दुसरं असतं मनगटात, आणि ते स्वतःच फिरत असतं. क्लब त्या दुसऱ्याभोवती सुटतो. मी लाकडाच्या दोन पट्ट्या घेतल्या, मध्ये नटबोल्ट घातला, वरची पट्टी खिळ्याने दाराच्या चौकटीला टांगली आणि फिरवली. खालची पट्टी आधी मागे रेंगाळली आणि शेवटच्या क्षणी अशी सपकन सुटली की कोपऱ्यातला मातीचा माठ फुटला.

हेमलता पदर खोचून स्वयंपाकघरातून आली. "हे काय करून राहिले तुम्ही?"

"तुझा स्विंग," मी म्हणालो. "हे बघ. हा खिळा पक्का पाहिजे आणि हा बोल्ट सैल. खिळा हलला की सगळं भरकटतं. तुझा खिळा किती पक्का होता माहीत आहे? आठ फोटोंत एका दोऱ्याचाही फरक नाही!"

"होता ना," ती म्हणाली. "आता हातच वर जात नाही, तर खिळ्याचं काय लोणचं घालू?"

अडचण तिथेच होती. उजव्या माणसाच्या स्विंगमध्ये डावा हात म्हणजे त्रिज्या. पहिल्या केंद्रापासून क्लबपर्यंतचं अंतर तोच राखतो, आणि तिचा तोच हात गेला होता. मी चिडून ट्रेसिंग पेपर टेबलावर आपटला आणि तो उलटा पडला. पारदर्शक कागदावरची आकृती पाठीमागूनही तितकीच स्वच्छ दिसते. फक्त डाव्याचं उजवं होतं.

"ही कोण?" खांद्यावरून वाकून पाहत हेमलताने विचारलं.

"तूच. आता तुझा उजवा हात त्रिज्या झाला. डावा नुसता सोबतीला, तोही खालून. फार वर न्यायची गरज नाही."

"मी डावखुरी कधी झाले?"

"आजपासून," मी म्हणालो. "जानेवारीत लेडीज मेडलला तू डाव्या बाजूने खेळणार."

ती कागदाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, नाही म्हणेल. ती म्हणाली, "आधी तो माठ उचला. मग बघू."

गणवीरने कामठीच्या मिलिटरी मैदानावरून एक जुना डावखुरा क्लब पैदा केला, सात नंबरचा. "साहेब, एकच भेटला जी," तो म्हणाला. "पण बाईंले एक पुरते." आणि आम्ही सुरुवात केली. पावसाळा संपला तशी शाळेच्या मैदानावर आमची रोज सकाळची हजेरी लागू लागली. मी पाठीमागे, अंगठा तिच्या पाठीवर. मग मी बाजूला व्हायचो, ती बॉल मारायची आणि मी तिच्या मानेच्या खालच्या त्या एका जागेवर नजर रोखून उभा राहायचो. बॉल कुठे गेला यात मला रस नव्हता. केंद्र बरोबर असेल तर बॉलला दुसरीकडे जायची सोयच नाही, असं माझं म्हणणं.

मी बोलायला लागलो होतो, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सकाळी मैदानावर बोलायचो, जेवताना वरणात बोट बुडवून ताटावर वर्तुळं काढायचो, आणि रस्त्याने जाताना छत्रीने तिला मनगटाचा बोल्ट समजावून सांगायचो. कॉलनीतले लोक हसायचे. हेमलता म्हणायची, "आधी एक अक्षर निघत नव्हतं, आता झाकण लागत नाही."

दिवाळीच्या सुटीत तिला नागपूरला तपासणीला जायचं होतं. कारखान्यात इन्स्पेक्शन होतं, मला रजा मिळेना. शाळेतल्या पोफळी बाई सोबत गेल्या. संध्याकाळी मी स्टँडवर घ्यायला गेलो.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"सगळं स्वच्छ आहे म्हणाले," हेमलता म्हणाली. पोफळी बाई तेवढ्यात रिक्षा बघायला पुढे गेल्या. "उद्या सकाळी जायचं ना मैदानावर?"

"म्हणजे काय!"

स्विंग सुंदर होत चालला होता. उजवा हात सरळ राहायला लागला होता, मनगट शेवटी सुटायला लागलं होतं. एकच खोड राहिली होती. क्लब मागे जाताना ते केंद्र किंचित सरके, आणि दिवसेंदिवस जास्त सरकायला लागलं. मी अंगठा आणखी दाबून ठेवायला लागलो. म्हटलं, दाब असला की लक्षात राहतं.

"हलतंय!"

"थंडी आहे हो."

"थंडीने हाड सरकतं का कधी? पुन्हा घे."

ती पुन्हा घ्यायची.

मेडलचा रविवार उजाडला. मिसेस भाटियांनी सगळ्यांना तिळगूळ वाटला. पहिला होल छोटा होता, बायकांच्या टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, नव्वदेक यार्डांचा. पीटीच्या देवतळे बाई डाव्या बाजूने खेळणार, ही बातमी कॉलनीभर झाली होती, त्यामुळे शाळेची अर्धी पोरं कुंपणावर लटकली होती. हेमलताने पांढरी साडी नेसली होती, पदर कमरेला घट्ट. टीवर जाण्याआधी तिने माझ्याकडे पाहिलं.

"आज अंगठा नको," ती म्हणाली. "लांब उभे राहा आणि बघा."

मी तिच्या पाठीमागे, अंतर ठेवून उभा राहिलो आणि नजर त्या जागेवर लावली.

तिने क्लब मागे नेला. पूर्ण मागे, जशी ती पूर्वी न्यायची तशी. आणि केंद्र हललं नाही. मी शपथेवर सांगतो, केसभरही हललं नाही. खांदे त्याच्याभोवती फिरले, हात आले, शेवटी मनगट सुटलं, आणि बॉलचा आवाज आला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. लाकडात खिळा एका घावात बसतो, तसा. क्लब वर जाऊन तिच्या खांद्यावर विसावला. पोरांनी एकच गलका केला. मिसेस भाटिया टाळ्या वाजवत होत्या. मी तर आनंदाने नाचायचाच बाकी होतो. "खिळा! खिळा!" असं काहीतरी वेड्यासारखं ओरडत होतो.

हेमलता तशीच उभी होती. छाती होलकडे वळलेली, क्लब खांद्यावर, टाच उचललेली. फोटोग्राफरसाठी उभी आहे असं सगळ्यांना वाटलं. टाळ्या थांबल्या तरी ती तशीच.

"साहेब," गणवीर माझ्या कानाशी म्हणाला, "बाई काऊन हलून नाही राहिल्या?"

मी पुढे गेलो. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि वरच्या ओठावर घाम होता. डोळे उघडे.

"अहो," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "मला इथून हलता येत नाही. पोरांना घरी पाठवा."

गणवीरने तिच्या बोटांतून क्लब सोडवला. मी आणि त्याने तिला आडवं केलं, तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. कारखान्याची ॲम्ब्युलन्स आली. नागपूरच्या रस्त्यावर ती गाडीत फळीवर उताणी पडली होती आणि मी तिच्या डोक्याशी बसलो होतो, डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून."

"पण रिपोर्ट?"

"तो मी खोटा सांगितला. पोफळी बाईंना काही बोलू नका, मीच त्यांना शपथ घातली होती. मणक्यात उतरलंय म्हणाले. आता कापण्यासारखं काही नाही म्हणाले."

गाडी खड्ड्यात गेली. तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"कुठे?" मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं. माझ्या अंगठ्याला ठाऊक होतं.

"तुम्ही ठेवायचे ना, बरोबर तिथेच."

मला राग आला. आयुष्यात तिच्यावर इतका राग मला कधी आला नव्हता. मी रडत होतो आणि भांडत होतो. "अगं, रोज सकाळी! दाबत होतो मी! एकदा तरी सांगायचं, काढा अंगठा म्हणायचं!"

"काढला असता तुम्ही," ती म्हणाली. "आणि परत जाऊन खुर्चीत बसले असते."

मी तिचं डोकं पुन्हा नीट धरलं.

"ऑपरेशन माझं झालं आणि मुके तुम्ही झाले. मी शाळेतून यायची तर तुम्ही आपले कुंपणाकडे पाहत. मला वाटायचं, मी असताना यांची ही दशा, तर मी नसताना काय होईल? मग तुम्ही ते कागद काढले. माठ फोडला. बडबड करायला लागले. सकाळी उठून 'चल, चल' म्हणून माझ्या मागे लागायला लागले. मला कशाला हवं होतं हो गोल्फ? मला घरात बोलणारं माणूस हवं होतं."

ड्रॉइंगमध्ये ज्या कडा समोरून दिसत नाहीत त्या तुटक रेषेने दाखवायच्या असतात. आयटीआयच्या पहिल्या वर्षी हे शिकवतात. मी हेमलताच्या त्या आकृत्या किती वेळा काढल्या असतील, पण त्यात एकही तुटक रेषा नव्हती. नुसती बाहेरची रेषा, सुबक आणि स्वच्छ.

हॉस्पिटलात त्यांनी तिला पट्ट्यात बांधून सपाट निजवलं. मणका इतका पोखरला होता की डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, ही बाई चालत कशी होती? मी त्यांना सांगितलं नाही की ती काय करत होती.

दुसऱ्या दिवशी औषधाने दुखणं जरा दबलं. ती छताकडे पाहत म्हणाली, "बॉल कुठे गेला?"

"कसला बॉल?" मी म्हणालो.

"अहो, कालचा बॉल. कुठे पडला?"

"मी बघितला नाही," मी म्हणालो. "मी तुझ्याकडे बघत होतो."

"माझ्याकडे नाही. माझ्या मानेकडे," ती म्हणाली. "मग जाऊन बघून या. एवढा चांगला बसला होता, मला कळलं पाहिजे."

"आत्ता? तुला सोडून?"

"मी कुठे पळून जाते? बांधून ठेवलंय मला."

मी बसने परत गेलो. गणवीर पहिल्या ब्राउनजवळ बसलेला दिसला. मेडल आदल्या दिवशीच रद्द झालं होतं, मैदानावर चिटपाखरू नव्हतं. ब्राउनच्या आत, होलपासून चारेक हातांवर बॉल पडला होता आणि त्याच्याभोवती गणवीरने विटा मांडून ठेवल्या होत्या.

"कुत्रे नेतात जी," तो म्हणाला. "म्हणून बसलो."

मी वाकलो तसा त्याने माझा हात धरला. "उचलू नका साहेब. उचलला का संपलं. बाईंचा पुढचा शॉट बाकी हाय."

मी तसाच परतलो आणि हेमलताला सगळं सांगितलं. विटांचं सांगितलं, कुत्र्यांचं सांगितलं, चार हात म्हणजे नेमकं किती ते तिच्या पलंगाच्या लांबीवर दाखवलं. ती लहान मुलीसारखी हसली.

"डाव्या बाजूने, एका क्लबात," ती म्हणाली. "उजवीने तरी मी कधी इतका जवळ टाकला होता?" मग म्हणाली, "तो अर्धवट नको राहायला. तुम्ही मारून या."

"मी? मी कधी क्लब हातात तरी धरलाय का?"

"सगळं तर माहीत आहे तुम्हाला. जा."

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा गेलो. गणवीरने विटा काढल्या, फळीने वाळू सारखी केली आणि कुणाचा तरी पटर, बॉल होलकडे ढकलायचा क्लब, माझ्या हातात दिला. मला दोन्ही केंद्रांपैकी एकही सापडेना. बॉल होलच्या पुढे निघून गेला. परत मारला, तो अलीकडे राहिला. तिसऱ्यांदा आत पडला. गणवीरने टोपी काढली आणि होलमधून बॉल काढून माझ्या हातात ठेवला.

हेमलता जागी होती. "किती लागले?"

"तीन."

"चार हातांना तीन?" तिला हसू आवरेना आणि हसलं की दुखत होतं, त्यामुळे तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी रुमालाने पुसत होतो. तिने तिचा सुजलेला डावा हात माझ्या हातात दिला, म्हणाली, "म्हणजे दोघांचे मिळून चार."

होळीच्या आधी ती गेली. तोवर भेटायला जो येई, मग तो डॉक्टर असो, पोफळी बाई असोत, डबा आणणारा असो की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा जावई, त्याला ती आवाज लावून सांगे: "पहिला होल आम्ही दोघांनी चारमध्ये काढला. त्यातले तीन ह्यांचे."